क्रोम यलो: चित्रकाराचा पिवळा रंग पोटात गेला तर

हळद विकत घेताना आपला हात आपोआप जास्त पिवळ्या, जास्त चकाकणाऱ्या ढिगाकडे जातो. फिकट, मातकट हळकुंडं बाजूला सारली जातात. दुकानदाराला आणि व्यापाऱ्याला ही आवड चांगली ठाऊक असते. या आवडीचा फायदा घेऊन काही ठिकाणी हळदीला एक रंग चोळला जातो. मुळात तो चित्रांसाठी, दारं-खिडक्यांसाठी, ट्रकसाठी आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी बनवलेला रंग आहे. त्याचं नाव क्रोम यलो, रासायनिक नाव लेड क्रोमेट. नावातला ‘लेड’ म्हणजे शिसं, आणि वजनाचा हिशेब केला तर या रंगाचा जवळजवळ ६४ टक्के भाग शिसंच असतो.

हा लेख वाचणारे बहुतेक जण दोनपैकी एका कारणाने इथे आले असतील. घरातल्या कुणाच्या, बहुधा लहान मुलाच्या, रिपोर्टवर ‘ब्लड लेड लेव्हल’ वाढलेली दिसली आहे. किंवा हळदीतल्या शिशाबद्दल काहीतरी वाचलं, आणि आता स्वयंपाकघरातल्या डब्याकडे संशयाने बघणं चाललं आहे. दोघांच्याही उपयोगाचं लिहायचा प्रयत्न करतो.

हा रंग आला कुठून

१७९७ साली लुई निकोला व्होकलाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने रशियातून आलेल्या एका लालसर-केशरी खनिजातून एक नवा धातू शोधला. त्याच्या क्षारांचे रंग इतके वेगवेगळे आणि भडक होते की ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव क्रोमियम पडलं. ते खनिज म्हणजे निसर्गात मिळणारं लेड क्रोमेट. त्याला क्रोकोआइट म्हणतात आणि हे नाव केशरासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. पुढे प्रयोगशाळेत शिशाचा क्षार आणि क्रोमेट एकत्र करून तसाच पिवळा साका बनवता येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत हा रंग युरोपभर पसरला. तो स्वस्त होता, त्याचा थोडासा थर खालचं सगळं झाकून टाकायचा, आणि लिंबासारख्या फिक्या पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत छटा मिळायच्या.

व्हॅन गॉगची १८८८ आणि १८८९ मधली सूर्यफुलांची चित्रं याच रंगाने काढलेली आहेत. त्यातल्या काही भागांतला पिवळा आज तपकिरीकडे झुकला आहे, कारण प्रकाशामुळे या रंगातल्या क्रोमियमचं रूप बदलतं. अमेरिकेत १९३९ साली शाळेच्या बससाठी जो पिवळा रंग ठरवला गेला, त्याच्या नावातही ‘क्रोम’ होतं. म्हणजे जिथे लांबून नजरेत भरणारा, उन्हापावसात बऱ्यापैकी टिकणारा पिवळा हवा, तिथे हा वापरला गेला.

आणि जवळपास सुरुवातीपासूनच तो खाण्यातही घुसला. १८८७ साली फिलाडेल्फियात डॉ. डी. डी. स्टुअर्ट यांनी शिशाच्या विषबाधेचे काही न उलगडणारे रुग्ण शोधून काढले. तिथले काही बेकरीवाले बनमध्ये अंडी भरपूर घातल्यासारखं दिसावं म्हणून पिठात क्रोम यलो मिसळत होते. त्यात मृत्यूही झाले. कारण तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: माल चांगला दिसावा. गिऱ्हाइकाला विष घालायचा कुणाचाच हेतू नसतो. मिसळणाऱ्या माणसाला बरेचदा ते विष आहे हेच माहीत नसतं.

हळदीपर्यंतचा प्रवास

या प्रश्नाचा सर्वांत नीट तपास बांगलादेशात झाला. तिथल्या ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त सापडत होतं, पण जवळपास कारखाना नव्हता, बॅटरी फोडण्याचं काम नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातली आयसीडीडीआर,बी ही संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी शिशाचा ‘ठसा’ जुळवून पाहिला. शिशाचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीगणिक बदलतं, त्यामुळे रक्तातलं शिसं कुठून आलं याचा माग काढता येतो. तो माग हळदीपर्यंत गेला. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथल्या हळदवाल्यांच्या सांगण्यानुसार ही प्रथा १९८० च्या दशकातल्या पुरानंतर सुरू झाली. हळद भिजली, नीट वाळली नाही, काळपट पडली. मग पॉलिश करताना पिवळी पूड टाकून तिला रूप आणलं गेलं, आणि पूर ओसरला तरी पूड राहिली.

तिकडे या पुडीला ‘पेउरी’ म्हणतात. आपल्याकडे भिंतीच्या चुन्यात घालायची पिवडी मिळते, ती मूळची पिवळी माती, म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती, आणि तिच्यात शिसं नसतं. पण रंगाच्या दुकानात सुट्या पिशवीतून मिळणाऱ्या पिवळ्या पुडीत नेमकं काय आहे हे नावावरून सांगता येत नाही. खाण्याच्या कुठल्याही वस्तूजवळ ती जाता कामा नये, एवढं मात्र पक्कं.

ज्यांनी सांगली किंवा हिंगोलीकडे हळदीचं काम पाहिलं आहे त्यांना पॉलिशची पायरी माहीत असेल. हळद उकडायची, उन्हात वाळवायची आणि मग फिरत्या ड्रममध्ये घालून घासायची, म्हणजे वरची खरखरीत साल, मुळ्या निघून जातात. हे काम नुसत्या घासण्याने होतं. रंग घालायचाच झाला तर तो इथे किंवा दळताना घातला जातो, म्हणून हळकुंड अख्खं आहे म्हणजे शुद्ध आहे असं धरून चालता येत नाही.

भारतात काय स्थिती आहे? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांमधून हळदीचे नमुने तपासले गेले. बहुतेक नमुन्यांत शिसं नगण्य होतं. हे आधी सांगतो, कारण अशा बातम्या वाचून लोक हळदच सोडून देतात आणि त्याची गरज नसते. पण काही शहरांत ते आपल्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. सर्वांत जास्त आकडा पाटण्याचा होता, एका ग्रॅममागे दोन हजार मायक्रोग्रॅमहून अधिक. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची हळदीसाठीची मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम, आणि लेड क्रोमेट तर हळदीत अजिबात असता कामा नये असा नियम आहे. जास्त शिसं सापडलेल्या नमुन्यांत क्रोमियमही शिशाच्या जोडीने, जवळजवळ अणूला अणू अशा प्रमाणात होतं. मातीतून किंवा धुरातून आलेलं शिसं अशी जोडी घेऊन येत नाही. म्हणून हा रंगच घातलेला आहे असं संशोधकांनी म्हटलं.

आता एक छोटा हिशेब करू, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. एका किलो हळदीत फक्त दीड ग्रॅमच्या आसपास क्रोम यलो मिसळला, तर त्या हळदीच्या दर ग्रॅममध्ये सुमारे हजार मायक्रोग्रॅम शिसं येतं. तुमच्या मुलाच्या पोटात दिवसाला वरण, भाजी मिळून अर्धा ग्रॅम हळद गेली, तर ५०० मायक्रोग्रॅम शिसं गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारासाठी जो संदर्भ आकडा ठेवला आहे तो दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. आणि आपल्याकडे सर्दी-खोकला झाला की हळदीचं दूध सुरू होतं. तेव्हा चिमटीचा चमचा होतो.

शरीरात गेल्यावर काय होतं

लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. यावरून काही जण ‘मग ते तसंच बाहेर पडत असेल’ असं समजतात. पण जठरातल्या आम्लात त्यातलं काही शिसं सुटं होतं आणि आतड्यातून रक्तात जातं. मोठ्या माणसात पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान मुलात हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. पोट रिकामं असेल, शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं, असं ढोबळपणे म्हणता येईल. म्हणूनच ते शेवटी हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्म्यावर येतं, पण हाडातलं वर्षानुवर्षं, दशकानुदशकं राहतं आणि हळूहळू रक्तात झिरपत असतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडातून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही निघतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं.

मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठं नुकसान मेंदूचं होतं आणि ते दिसत नाही. मूल खेळतं, जेवतं, वजनही ठीक असतं. पण बोलायला उशीर, लक्ष न लागणं, चिडचिड, शाळेत मागे पडणं या गोष्टी हळूहळू पुढे येतात, आणि घरात त्याचं खापर मोबाइलवर, लाडावर किंवा आईवर फुटतं. शिशाची ‘इतकी चालेल’ अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: बोलायला उशीर किंवा चंचलपणा यांची कारणं पुष्कळ असतात, आणि अशा प्रत्येक मुलात शिसंच असेल असं नाही. पण शोधलं नाही तर सापडत नाही.

पातळी वाढत गेली की पोट दुखायला लागतं, बद्धकोष्ठता होते, भूक जाते, मूल फिकट दिसतं. फार वाढली तर सतत उलट्या, गुंगी, झटके. ही आणीबाणी आहे, त्यात घरी थांबायचं नाही.

मोठ्यांमध्ये चित्र वेगळं असतं. पोटात पिळवटून कळा, बद्धकोष्ठता, सांधे-स्नायू दुखणं, थकवा, वाढलेला रक्तदाब, मूत्रपिंडावर परिणाम, पुरुषांमध्ये शुक्राणूंवर परिणाम. जुन्या पुस्तकांत रंगाऱ्यांचं मनगट लुळं पडल्याची वर्णनं आहेत, तो मज्जातंतूंवरचा परिणाम. कधी हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ दिसते. पोटदुखीचे असे रुग्ण अनेक महिने पित्ताच्या गोळ्या घेत फिरतात, सोनोग्राफी दोनदा-तीनदा नॉर्मल येते, कुणीतरी ‘टेन्शन आहे’ म्हणून सांगतं. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला अशी न उलगडणारी पोटदुखी आणि सोबत लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया असेल, तर डॉक्टरांना आपला धंदा काय आहे हे न विचारताही सांगा. ट्रकच्या बॉडीला रंग मारतो, बोर्ड रंगवतो, जुनं लोखंड गॅसने कापतो, मूर्ती रंगवतो, बॅटरीच्या दुकानात आहे. आम्ही डॉक्टर गर्दीत हे विचारायचं विसरतो, आणि निदानाची किल्ली बरेचदा तिथेच असते.

क्रोमियमबद्दल थोडक्यात. या रंगातलं क्रोमियम ज्या रूपात असतं ते श्वासातून वर्षानुवर्षं गेलं तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. हा प्रश्न मुख्यतः रंगाची कोरडी पूड हाताळणाऱ्यांचा, फवाऱ्याने रंग मारणाऱ्यांचा आणि जुना रंग घासणाऱ्यांचा आहे. हळदीतून खाण्यात आलेल्या लेड क्रोमेटमध्ये आमची काळजी शिशाची जास्त असते.

तपासणी कुठली करायची

एकच: रक्तातलं शिसं, म्हणजे ‘ब्लड लेड लेव्हल’. शिरेतून रक्त घेऊन, त्यासाठीच्या खास नळीत. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात हातावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून तसा रिपोर्ट वाढलेला आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करून घ्यावी. केस तपासणं, किंवा आधी औषध देऊन मग लघवीतलं शिसं मोजणं, यांवर पैसे घालवू नका. त्यांच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगितल्या जातात. मूल माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर कधी पोटाचा एक्स-रे काढतात, कारण रंगाचे तुकडे त्यात दिसू शकतात.

रिपोर्टवरचं एकक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे ना, ते पाहा. ५ किंवा त्याहून जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. अमेरिकेत मुलांसाठी २०२१ पासून ३.५ हा आकडा धरतात. काही लॅबच्या रिपोर्टवर अजून जुनी, जास्त उंच मर्यादा छापलेली असते आणि समोर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. लहान मुलाच्या बाबतीत त्या शब्दावर जाऊ नका, आकडा बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

मुलाचा आकडा ४५ किंवा त्यावर असेल तर शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं देतात. याला चिलेशन म्हणतात. ही औषधं तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. शरीरातले उपयोगी क्षारही त्यांच्यामुळे निघून जातात, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि घरात शिसं येतच राहिलं तर उपयोग होत नाही. औषध थांबल्यावर हाडातलं शिसं रक्तात येऊन आकडा पुन्हा थोडा चढतो. त्याने घाबरून जाऊ नका, तो अपेक्षित असतो, म्हणून तर पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. मोठ्यांमध्ये चिलेशनचा विचार आणखी वरच्या आकड्यांना होतो, गरोदर बाईचा निर्णय मात्र वेगळा आणि लवकर घ्यावा लागतो.

बहुसंख्य मुलांचा आकडा ४५ च्या पुष्कळ खाली असतो, आणि तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, “मग औषध काहीच नाही?” औषध आहे, पण ते बाटलीत मिळत नाही. उगम बंद करणं हाच उपचार आहे. त्यानंतर लोह कमी असेल तर लोह, कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम, वेळच्या वेळी जेवण. नाचणी, दूध-दही, पालेभाज्या, डाळी, मांसाहार करत असाल तर मांस-मासे, वर लिंबू पिळून. यांनी नवं शिसं शोषलं जाणं कमी होतं. आधी गेलेलं शिसं यांनी निघून जात नाही, आणि ‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही पुडीनेही जात नाही. उलट अशा काही भस्मांतच शिसं असतं. नाग भस्म म्हणजे शिशाचंच भस्म. घरात आजोबांसाठी आणलेली अशी पुडी मुलाला ‘ताकद यावी’ म्हणून दिली जात असेल तर ती थांबवून डॉक्टरांना दाखवा.

घरात कुठे शोधायचं

आकडा वाढलेला आला की मी आधी हळद, मग रंग, मग घरातल्यांचा धंदा, मग कुंकू-सिंदूर-सुरमा आणि भस्मं, या क्रमाने विचारतो. तुमच्या घरी हा क्रम वेगळा असू शकेल.

हळदीची घरगुती परीक्षा बरेच जण विचारतात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन अख्खं हळकुंड टाका. शुद्ध हळकुंडाचा रंग लगेच सुटत नाही, वरून चोळलेला रंग लगेच सुटून पाण्यात उतरतो. पूड असेल तर ती पाण्यात टाकून न हलवता ठेवा. शुद्ध हळद खाली बसते आणि पाण्याला फिका पिवळा रंग येतो. पाणी गडद पिवळं झालं तर भेसळीचा संशय घ्यावा. पण या परीक्षेत नापास होणं हा इशारा आहे, पास होणं हा दाखला नाही. दळलेल्या हळदीत मिसळलेलं लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नसल्याने डोळ्यांना चकवू शकतं. बाथरूममधलं ॲसिड टाकून बघायचे व्हिडिओ फिरतात, ते घरी करू नका. ती परीक्षा मेटॅनिल यलो या दुसऱ्याच रंगासाठी असते, आणि त्या ॲसिडने हात-डोळे भाजतात ते वेगळंच.

खात्रीचं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार विकत घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घ्यायचा हक्क सामान्य ग्राहकालाही आहे. महाराष्ट्रात त्यासाठी आणि तक्रारीसाठी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करा. तोवर ती हळद वापरणं थांबवा, पण फेकू नका. पाकिटासकट, बिलासकट वेगळी ठेवा. तपासायला तीच लागणार आहे.

रोजच्या खरेदीत माझा सल्ला साधा आहे. सुटी, नाव-गाव नसलेली, डोळ्यांत भरणारी पिवळी पूड घेऊ नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडून अनपॉलिश्ड हळकुंडं मिळत असतील तर उत्तम. धुऊन, कडकडीत वाळवून कांडप यंत्रावर समोर दळून घ्या. ती दिसायला डावी असेल. रंग थोडा कमी आला म्हणून वरणाचं काही बिघडत नाही. पाकीटबंद घेत असाल तर परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असलेली घ्या. ब्रँड म्हणजे हमी नव्हे, पण तक्रार करायला निदान पत्ता असतो.

परदेशात असलेल्या मुला-नातवंडांसाठी इथून घरची हळद, मसाला पाठवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. अमेरिकेत अनेक ठिकाणी एक-दोन वर्षांच्या बाळांचं शिसं नियमित तपासतात, आणि आकडा वाढलेला आला की तिथले डॉक्टर हमखास विचारतात, “मायदेशातून मसाले येतात का?” सुनेला राग येतो, आजीला वाईट वाटतं. प्रश्न रास्त आहे. पाठवलेल्या पुडीचा नमुना तपासायला द्यायला सांगा.

लग्नात लावायच्या हळदीबद्दलही विचारलं जातं. अखंड त्वचेतून या प्रकारचं शिसं फारच थोडं आत जातं. काळजी आहे ती तोंडावाटे जाण्याची. हळद खेळून तशाच हातांनी जेवण, लहान मुलांनी बोटं चोखणं. हात धुतले की काम झालं. उघड्या जखमेवर मात्र हळद भरू नका, शिशाचा प्रश्न नसतानाही मी हेच सांगतो.

भिंती, खेळणी आणि रंगपेटी

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम भारतात २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. त्यामुळे दोन गोष्टी उरतात. एक, त्याआधी रंगवलेली घरं, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, हिरव्या ऑइलपेंटची दारं, ग्रिल, पाळणे, शाळेचे बाक. हिरव्यातही बरेचदा क्रोम यलो आणि निळा यांचं मिश्रण असे. दोन, यंत्रांसाठीचा उरलेला डबा कुणीतरी घरी आणून झोपाळ्याला मारणं. दुसरी गोष्ट करूच नका. पहिल्यात, रंग घट्ट बसलेला असेल तर तो तसाच राहू द्या, वरून नवा थर द्या. पोपडे सुटत असतील तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, भाजून काढू नका. ओला करून खरवडा, कचरा पिशवीत बांधा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. आणि त्या दिवसांत गरोदर बाई आणि लहान मुलं त्या घरात राहायला नकोत. दिवाळीआधी घाईघाईत रंगकाम काढणाऱ्या घरांना ही सूचना जास्त लागू आहे.

चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी: शाळकरी जलरंगांत आज साधारणपणे क्रोम यलो नसतो. डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं आहे का ते पाहा, आणि ब्रश तोंडात घालून टोक करायची सवय मोडा. मोठ्या चित्रकारांच्या ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. ‘पी वाय’ या इंग्रजी अक्षरांपुढे ३४ असेल तर ते लेड क्रोमेट. ३५ आणि ३७ म्हणजे कॅडमियम यलो, तोही विषारीच, सांभाळून वापरायचा. ७४ हा सेंद्रिय पिवळा आणि ४२, ४३ म्हणजे लोखंडाचे पिवळे, यांत शिसं नसतं. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर ती त्या छटेची नक्कल असते, मूळ रंगद्रव्य बहुधा नसतं. ट्यूबमधला ओला रंग हात धुतल्याने आटोक्यात राहतो. खरा धोका कोरड्या पुडीचा, फवाऱ्याचा आणि घासण्याचा. असं काम करणाऱ्याने मास्क लावावा, कामाच्या जागी खाऊ-पिऊ नये, तंबाखू मळू नये. आणि घरी आल्यावर आधी कपडे बदलून आंघोळ करावी, मगच मूल उचलावं. बापाच्या कपड्यांवरून बाळापर्यंत शिसं पोचतं. ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

आकडा खाली यायला किती वेळ लागतो

उगम सापडून बंद झाला तर पुढच्या एक ते तीन महिन्यांच्या तपासणीत बहुधा उतार दिसू लागतो. दिसला नाही तर उगम अजून चालू आहे, किंवा दुसराही एक आहे, असं धरून पुन्हा शोध घ्यायचा. घरातल्या एका मुलात शिसं सापडलं तर त्याच चुलीवर जेवणाऱ्या भावंडांची आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिचीही तपासणी करा. बाळ अंगावर पीत असेल तर आईचा आकडा फार जास्त असल्याशिवाय दूध तोडायची गरज पडत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका.

मेंदूवर झालेला परिणाम औषधाने पुसता येत नाही, हे पालकांना सांगणं आम्हालाही जड जातं. पण पुढचं नुकसान थांबतं, आणि मुलाच्या वाढीची, बोलण्याची तपासणी वेळेत करून स्पीच थेरपी, शाळेत थोडी जास्त मदत अशी साथ दिली तर मुलं पुष्कळ भरून काढतात. म्हणून वाढलेला आकडा सापडलेल्या मुलाची नोंद बालरोगतज्ज्ञांकडे शाळेच्या वयापर्यंत चालू ठेवा.

बांगलादेशात पुढे काय झालं तेही सांगतो. २०१९ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेने घाऊक बाजारात छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून आणि बाजारांतून लोकांना सांगितलं. तेव्हा बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं, आणि हळद गिरण्यांमधल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. यासाठी दोन वर्षं लागली.

तुमच्या डब्यातल्या हळदीचा संशय असेल तर येत्या भेटीत तिचा थोडा नमुना झाकणबंद बाटलीत, वर तारीख आणि दुकानाचं नाव लिहून, मुलाच्या सगळ्या जुन्या रिपोर्टसोबत घेऊन या.